गाडीला ज्वर येतो तेव्हा

ज्या घरी अद्याप एखादी जुनी मोटारगाडी जपून ठेवलेली आहे, त्या घरच्या मंडळींस घाट हा शब्द थोडा धास्तीचाच वाटतो. सपाटीवर गरीब गाईप्रमाणे चालणारी गाडी घाटाचे तिसरे-चौथे वळण ओलांडते न ओलांडते तोच सर्वांच्या नजरा काट्याकडे वळतात. बोलणे थांबते. काटा लाल खुणेला भिडला की गाडी कडेला उभी राहते, बॉनेट वर होते, आणि वाफेभोवती दहा पांथस्थ गोळा होऊन अकरा उपाय सांगू लागतात. एक म्हणतो पाणी ओता, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट काढून फेका, तिसरा म्हणतो इंजिनच गेले. हे सर्व उपाय सद्‌हेतूने सांगितलेले असतात, यात शंका नाही. परंतु त्यांतील बहुतेक उपाय रोग कोणता हे पाहण्यापूर्वीच दिलेले असतात.

ह्या विषयावर लिहिण्यास निमित्त झाले ते कराडच्या एका वाचकभगिनींच्या पत्राचे. त्यांच्या घरी १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ही गाडी कारखान्यातून निघणे बंद होऊन आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ साली निवृत्त झाली. तरी घरोघरच्या काही गाड्या अजून चालत्या आहेत. भगिनींच्या सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे. गुडघे दुखत असल्यामुळे नव्या गाडीत वाकून बसण्यापेक्षा हीच गाडी त्यांस सोयीची वाटते. दिवाळीत त्यांना चिपळूणला माहेरी नेण्याचा बेत आहे. परंतु गेल्या मे महिन्यात चिपळूणहून परतताना कुंभार्ली घाटात गाडी तापली. मिस्त्रींनी पाहून सांगितले की हेड गॅस्केट गेले असावे, इंजिन खोलावे लागेल. धाकट्या दिरांचे मत पडले की एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी भंगारात द्यावी. सासरे त्या दिवसापासून जेवताना कोणाशी बोलत नाहीत. भगिनी विचारतात, ‘इंजिन उघडावे, की गाडी द्यावी?’

आमचे उत्तर असे की, तूर्त दोन्ही करू नये. कारण त्यांनी पत्रात सहज लिहून टाकलेल्या तीन-चार ओळींत रोगाचा बराचसा माग सापडतो, आणि तो माग हेड गॅस्केटच्या दिशेने जात नाही.

प्रथम यंत्राची रचना पाहू. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता, त्यांस ती समजावयास वेळ लागणार नाही. बंबात मधोमध जाळाची नळी आणि तिच्या भोवती पाणी. इंजिनातही तसेच: मधोमध सिलिंडर, त्यात पेट्रोलचा जाळ, आणि भोवताली बिडाच्या पोकळ भिंतीतून खेळणारे पाणी. भेद एवढाच की बंबातले पाणी तापावे अशी आपली इच्छा असते आणि येथे ते ठराविक मर्यादेपलीकडे तापू नये अशी. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी सुमारे चौथा हिस्सा मात्र गाडी ओढण्याच्या कामी येतो. सुमारे तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो, आणि जवळजवळ तितकाच हिस्सा ह्या पाण्याला उचलून न्यावा लागतो. पंप ते पाणी फिरवितो, तापलेले पाणी वरच्या होजपाइपने पुढील रेडिएटरात जाते, तेथील बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने निवते, आणि खालच्या होजपाइपने पुन्हा इंजिनात शिरते. पद्मिनीत पंख्याचे पाते पंपाच्याच दांड्यावर बसविलेले असून दोहोंस एकच पट्टा फिरवितो. तोच पट्टा वीज निर्माण करणारे यंत्रही चालवितो. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटा चढू लागला, तर अन्य विचार न करता पट्टा पाहावा. तो तुटलेला अथवा सैल झालेला असणार.

आता निदानाकडे वळू. आपल्या वैद्यकात निदानाची जी पाच अंगे सांगितली आहेत, त्यांत उपशय नावाचे एक अंग आहे. रोग स्पष्ट नसेल तेव्हा अमुक आहाराने वा औषधाने बरे वाटते की त्रास वाढतो, हे पाहून रोग ओळखावयाचा. नैयायिकांचा अन्वयव्यतिरेकही त्याच जातीचा: जे असता विकार होतो आणि जे नसता होत नाही, ते शोधावे. गाडीच्या बाबतीत ह्या दोहोंचे सार एका प्रश्नात येते. गाडी तापते, हे खरे. पण ती केव्हा तापते?

बाजारात गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागताच निवते, अशी गाडी वाऱ्याच्या अभावी आजारी आहे. धावताना मिळणारा वारा तिला पुरतो, पण उभी असताना पंख्याने जो वारा ओढावयाचा तो ओढला जात नाही. पट्टा घसरत असेल, पंख्याचे पाते मोडले असेल, किंवा पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे कोणीतरी दुरुस्तीच्या वेळी काढून परत बसविलेले नसेल. इंजिन बंद करून पट्ट्याच्या लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबावे. अर्धा इंच दबला तर ठीक. ह्याहून फार दबत असेल तर ताणून घ्यावा, आणि आतील बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल तर बदलावा.

थंड इंजिन सुरू करताच एका मिनिटात काटा लाल खुणेवर जातो, अशी तक्रार असेल तर गाडीपेक्षा काट्यावरच संशय घ्यावा. इतके पाणी इतक्या अल्प वेळात कोणत्याही चुलीवर उकळत नाही. हल्ली बाजारात दुरून तपमान दाखविणारे छोटे यंत्र मिळते. त्याने वरच्या होजपाइपजवळील धातूचे तपमान पाहिले की काटा खरे बोलतो की खोटे, हे तत्काळ कळते. दहा-पंधरा मिनिटांनी काटा झपाट्याने चढतो, वरचा पाइप मात्र कोमट राहतो, असे असेल तर थर्मोस्टॅट मिटलेलाच राहिला आहे असे समजावे.

तिसरा प्रकार आमच्या कराडच्या भगिनींचा. त्या लिहितात की बाजारात गाडी अर्धा-अर्धा तास रांगेत उभी असते, तेव्हा काटा मध्यावर असतो. पाटणपर्यंत सपाट रस्त्याने काहीच होत नाही. घाट उतरून चिपळूणला जातानाही काही झाले नाही. परत येताना, तेही घाटाच्या वरच्या निम्म्या भागात, काटा चढला. ह्या चार वाक्यांनी पंखा, पट्टा व काटा हे तिन्ही बहुतांशी निर्दोष ठरतात. १०८९ घनसेंटिमीटरचे लहानसे इंजिन पाच माणसे व आंब्याच्या पेट्या घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढत असते, तेव्हा ते सर्व ताकदीनिशी जळत असते आणि गाडीचा वेग मात्र बैलगाडीहून थोडाच अधिक असतो. त्यातून मे महिन्यातील दुपारचा वारा समुद्राकडून येतो, म्हणजे कोकणातून घाट चढणाऱ्या गाडीच्या पाठीमागून येतो. पुढल्या जाळीस मिळणारा वारा त्यामुळे आणखीच कमी होतो. ज्या रेडिएटरची शक्ती निम्मी उरलेली आहे, तो रेडिएटर बाजारात व सपाटीवर वेळ मारून नेतो. त्याची खरी परीक्षा अशा जागी होते.

रेडिएटरची शक्ती निम्मी का उरते? ह्याचेही उत्तर पत्रातच आहे. ‘पाणी आम्ही नेहमी बोअरचेच घालतो.’ बंबाच्या आतील बाजूस जो पांढरा कठीण थर धरतो, तो ज्यांनी खरवडून काढला आहे त्यांना अधिक सांगणे नको. देशावरील विहिरींचे व बोअरचे पाणी क्षारांनी जड असते. तीस-पस्तीस वर्षे तेच पाणी त्या बारीक नळ्यांतून फिरले, उडून गेले व पुन्हा भरले गेले, म्हणजे काही नळ्या पूर्ण बुजतात, आणि उरलेल्यांच्या आत थराचे अस्तर बसते, जे उष्णतेला वाट देत नाही. परीक्षा सोपी आहे. गाडी चांगली तापू द्यावी, इंजिन बंद करावे, आणि रेडिएटरच्या तोंडावरून ते तपमानाचे यंत्र फिरवावे. वरून खाली तपमान सावकाश उतरत गेले तर ठीक. मध्येच गार पट्टे लागले, तर तेथील नळ्या बुजलेल्या आहेत. (ज्या गाड्यांत पंखा विजेचा असतो, तेथे इंजिन बंद असतानाही तो आपण होऊन फिरू लागतो, हात दूर ठेवावा.) बाहेरच्या बाजूसही पाहावे. पाकोळ्यांमध्ये चिखल, पिसे आणि पावसाळी किडे दडपून बसलेले असतात. ते आतून बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने धुवावे. जोरदार धारेने पाकोळ्या वाकतात. आतून बुजलेल्या नळ्या मात्र धुण्याने क्वचितच उघडतात. रेडिएटरचे काम करणारे कारागीर वरची टाकी सोडवून नळ्यांतून गज फिरवितात, किंवा मधला गाभाच नवा बसवितात. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असल्यास हे काम उत्तम होते. इंजिन खोलण्याच्या तुलनेने ते किरकोळच म्हणावे लागेल.

हेड गॅस्केट गेलेच नसेल असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते गेले असता त्याची स्वतःची लक्षणे असतात. कोठेही गळती न दिसता पाणी रोज कमी होते. इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर थांबत नाही. तेलाची पट्टी काढून पाहिली तर तेल ताकासारखे दिसते. आणि सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे थंड गाडीचे झाकण काढून, पाणी काठोकाठ भरून, इंजिन चालू करून पाहणे: पाणी तापण्यापूर्वीच सतत बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे. आरंभी अडकलेली हवा थोडी निघते, तिची गणना करू नये. भगिनींच्या गाडीत ह्यांपैकी एकही लक्षण लिहिलेले नाही. मिस्त्रींना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे तापलेली गाडी आली, घाटाची हकीकत आली नाही. म्हणून गॅरेजमध्ये गाडी देताना केव्हा, कोठे, किती माणसे असताना, काय भरलेले असताना तापली, हे कागदावर लिहून द्यावे.

इतर दोन-तीन कारणे थोडक्यात. खालचा होजपाइप जुना होऊन मऊ पडला की पंपाच्या ओढीने तो चपटा होतो आणि पाणी अडते. इंजिन उभ्याने जोरात चालविले असता हे दुरून दिसते. ठिणगीचे टायमिंग मागे पडले असेल, अथवा कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी येत असेल, तरीही इंजिन अधिक तापते. २०२५ साली देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. त्यात प्राणवायू असल्याने जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण मुळातच थोडे विरळ होते. तेव्हा जुन्या गाडीचा कार्बोरेटर एकदा जाणत्याकडून नव्याने जुळवून घेणे बरे. घाटात गाडी गचके खाऊन बंद पडते पण काटा मध्यावरच असतो, हा निराळा विकार आहे. तेथे नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ अडते. पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवण्याची जुन्या चालकांची युक्ती त्यावरची, पाण्याच्या तापावरची नव्हे.

आता थर्मोस्टॅटविषयी, कारण भगिनींच्या गाडीतील तो मागेच एका गॅरेजमध्ये काढून टाकण्यात आला आहे, ‘म्हणजे गाडी थंड राहील’ ह्या समजुतीने. ही समजूत इतकी पसरली आहे की ती खोडून काढण्यास थोडी जागा खर्च केली तरी चालेल. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या प्रसरणावर चालणारे एक लहानसे दार. पाणी सुमारे ८० अंशांच्या पुढे गेले की ते उघडू लागते, तोवर पाणी इंजिनातच फिरते. एकदा पूर्ण उघडल्यावर ते पाण्यास फारसे अडवीत नाही. म्हणजे घाटात, जेव्हा ते पूर्ण उघडलेले असते, तेव्हा ते काढण्याने लाभ जवळजवळ शून्य. तोटा मात्र रोजचा. इंजिन गार राहिले की पेट्रोल नीट न जळता सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन नेते, तेलात चिकट गाळ धरतो, पेट्रोल अधिक लागते. ज्याला निरोगी माणसाइतकी ऊब हवी, त्याला बर्फात ठेवण्यासारखे हे आहे. नवा थर्मोस्टॅट बसविण्यापूर्वी त्याची परीक्षा घरीच होते. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने टांगावा, बुडास लागू देऊ नये, शेजारी तपमापक धरावा आणि पाणी तापवीत जावे. त्याच्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास दार उघडताना दिसते. मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवावा. पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकास घेऊ नये.

राहिले झाकण. रेडिएटरचे झाकण हे साधे बूच नव्हे. ते प्रेशर कुकरच्या झाकणाचे सख्खे भावंड आहे. त्याला रबरी गॅस्केट असते, आणि शिटीच्या जागी स्प्रिंग असते. उघड्या भांड्यात पाणी समुद्रकिनारी १०० अंशांवर उकळते, महाबळेश्वरी ते ९५-९६ वरच उकळते. पण झाकणाने चौरस इंचास ७ पौंडांचा दाब धरून ठेवला, तर तेच पाणी १११-११२ अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग मेली किंवा रबर फाटले की हा सर्व लाभ गेला. भगिनी लिहितात की, घाटात थांबल्यावर रेडिएटरच्या बाजूच्या नळीतून पाणी वाहत होते. तेव्हा सर्वांत आधी झाकण बदलावे. किती दाबाचे हवे ते जुन्या झाकणावर छापलेले असते, तेवढ्याच दाबाचे घ्यावे. जास्त दाबाचे घेतल्यास जुना रेडिएटर सांध्यात फाटतो.

त्याच पत्रात आणखी एक वाक्य आहे, आणि ते वाचून आम्ही पत्र थोडा वेळ बाजूस ठेवले. गाडी थांबताच तेरा वर्षांचा पुतण्या फडके घेऊन झाकण उघडावयास धावला. आजोबांनी त्याचा हात धरून मागे ओढले. दाबाखालील ११० अंशांच्या पाण्यावरून झाकण काढले की त्यातील काही भागाची त्या क्षणी वाफ होते, आणि उरलेले पाणी तिच्याबरोबर उसळून तोंडावर व छातीवर येते. फडक्याने ते अडत नाही. कुकरचे झाकण वाफ जिरल्याशिवाय उघडत नाहीत हे घरातील प्रत्येक मुलीस शिकविलेले असते. ते ह्या झाकणाबाबत घरातील प्रत्येक मुलासही शिकवावे.

घाटात काटा चढू लागलाच तर एवढे करावे. वातानुकूलन असल्यास बंद करावे, आणि गाडीत ऊब देणारा हीटर असल्यास तो पूर्ण उघडावा. उकाडा सोसावा लागेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच होय. त्याने काटा उतरला तर हाही एक उपशय झाला: उष्णता बाहेर टाकणारी शक्ती तोकडी पडत आहे, हे सिद्ध झाले. काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबावे. वाफ नसेल व पट्टा शाबूत असेल, तर मिनिटभर इंजिन मंद चालू ठेवावे, कारण ते एकाएकी बंद केले तर पाणी फिरणे थांबते आणि तापलेल्या धातूजवळचे पाणी उलट उकळते. वाफ येत असेल वा पट्टा तुटला असेल, तर तत्काळ बंद. नंतर निदान अर्धा तास, होजपाइप हातास सोसेल इतका निवेपर्यंत, झाकणास हात लावू नये. मग प्रथम अर्धा फेरा फिरवून दाब जाऊ द्यावा. पाणी थोडे थोडे, शक्य तर इंजिन मंद चालू ठेवून घालावे. तापलेल्या रिकाम्या इंजिनात गार पाणी एकदम ओतले, तर धातू तडकतो. जेथे खालचा भाग बिडाचा आणि वरचे हेड अॅल्युमिनियमचे असते, तेथे धोका अधिकच, कारण अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. हेड वाकडे होऊन गॅस्केट खरोखरच जाते. म्हणजे मिस्त्रींचे निदान आज चुकीचे असले, तरी आणखी दोनदा गाडी अशी उकळली तर ते बरोबर ठरेल.

भगिनींना क्रम असा सुचवितो: नवे झाकण, दोन्ही होजपाइप, बुडबुड्यांची परीक्षा, रेडिएटरचे काम, नवा थर्मोस्टॅट. त्यानंतर दिवाळीपूर्वी एखाद्या रविवारी दोघांनीच रिकामी गाडी घेऊन चिपळूणपर्यंत उतरावे आणि दुपारी परत चढावे. पुढल्या रविवारी तेच चार माणसे घेऊन करावे. काटा दोन्ही वेळा मध्यावर राहिला, तर सासूबाईंना निःशंक घेऊन जावे. राहिला नाही, तर त्यांना दुसऱ्या गाडीने न्यावे आणि इंजिन उघडण्याची चर्चा दिवाळीनंतर करावी. सासरेबुवांना हे पत्र वाचून दाखविल्यास हरकत नाही.

एक शेवटची सूचना. दुरुस्तीनंतर बोअरचे पाणी पुन्हा घालू नये. तयार कूलंट, किंवा ते ऊर्ध्वपातित पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळून घालावे. त्याने गंज व क्षार दोन्ही रोखले जातात आणि उकळण्याचा अंशही थोडा वर जातो. परंतु बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास प्राणघातक असते. डबा मुलांच्या हातास लागणार नाही असा ठेवावा, त्यावर ठळक अक्षरांत लिहावे, आणि जुने काढलेले पाणी अंगणात किंवा तुळशीजवळ ओतू नये. घरचे मांजर ते चाटते. गॅरेजमध्येच डब्यात धरून तेथेच देऊन यावे.